रात्रीची गाडी, सकाळची केमो

केमोच्या वॉर्डात नर्सच्या हातून सगळ्यात जास्त काय लिहिलं जात असेल, तर ती वेळ. कुठली बाटली किती वाजता लावली, किती गतीने सोडली, किती वाजता संपली, मधे थंडी वाजली का, अंगावर पुरळ आलं का, आलं तर किती वाजता. मुंबईत डे-केअर वॉर्डात होते तेव्हा मी दिवसभर हेच लिहीत असे. एकाचं औषध पावणेबाराला सुरू व्हायचं, तेच औषध शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना साडेचारला लागायचं. वेळ ठरायची ती रक्ताचा रिपोर्ट कधी आला, काउंट बघून डॉक्टरांची सही कधी झाली, औषध तयार होऊन कधी आलं आणि खुर्ची कधी रिकामी झाली यावर. त्या घटकेला ते औषध रुग्णाच्या शरीराला कितपत पेलवेल, हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

कोकणात देवरूखला परत आले आणि घरोघरी जाऊन कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करू लागले, तेव्हा हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. वॉर्डात माणूस चार-सहा तास दिसतो, घरात त्याचे चोवीस तास दिसतात. मारळकडच्या एखाद्या वाडीत जावं, साखरप्याच्या वाटेवरच्या एखाद्या घरात जावं, सून दारातच सांगायला लागते. "सिस्टर, आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात आणि रात्री दोन वाजता उठून चुलीपाशी जाऊन बसतात." दुसऱ्या घरात काकांना सकाळची पेज चवीने जाते, पण संध्याकाळी ताट समोर आलं की उमासे येतात. तिसऱ्या घरात दुखणं दिवसभर दबून असतं आणि दिवेलागण झाली की डोकं वर काढतं. ताप येतो तोही बहुधा संध्याकाळचाच. एकेका घरात ऐकलं तर ही त्या त्या माणसाची तऱ्हा वाटते. पण असं घरामागून घर ऐकत गेलं की त्यात एक क्रम दिसू लागतो.

तो क्रम शरीराचा आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि सगळ्या शरीराला वेळ कळवतो. यकृत, आतडी, त्वचा, हाडांतला मगज, सगळ्यांच्या पेशींत स्वतःची अशी घड्याळं असतात, ती या पुंजक्याशी जुळवून घेतात. हे घड्याळ पेशीत चालतं कसं, हे फळमाशीच्या जनुकांवरून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. अंगाचं तापमान पहाटे सगळ्यात खाली असतं, संध्याकाळी सगळ्यात वर. कॉर्टिसॉल सकाळी उठायच्या सुमारास चढतं आणि रात्री उतरतं. मगजात रक्ताच्या पेशी दिवसा जास्त संख्येने विभागतात, मध्यरात्री कमी. रात्रपाळी केलेल्या कुठल्याही नर्सला पहाटे चार ही वेळ काय असते ते सांगावं लागत नाही. वॉर्डातली थंडी तेव्हा आपल्याच अंगातून आल्यासारखी वाटते, आणि धाप लागणारा पेशंट हमखास त्याच सुमाराला उठून बसतो.

देवरूखात शुश्रूषेला मोठा वारसा आहे. इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ मध्ये इथे मातृमंदिर सुरू केलं आणि त्या कामाची सुरुवात बाळंतिणींच्या सेवेपासून झाली. रात्री-पहाटे कळा सुरू होतात हे जुन्या सुइणींना आणि नर्सना पाठ होतं, आणि मोठ्या संख्येने जन्मवेळा तपासल्या तेव्हा आपोआप होणारी बाळंतपणं खरोखरच रात्री आणि पहाटे जास्त होतात असं दिसलं. बाळंतपणात आपण शरीराची वेळ मानतो. कर्करोगाच्या उपचारात मात्र ती अजून दाराबाहेरच उभी आहे, याचं मला वाईट वाटतं.

केमोचं औषध विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कर्करोगाच्या पेशी विभागतात, पण तोंडाच्या आतलं अस्तर, आतड्याचं अस्तर, मगज आणि केसांची मुळंही विभागतात. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, काउंट पडतो, केस जातात. निरोगी पेशी निवांत असतील आणि औषधाचा निचरा करणारी यंत्रणा जोरात असेल, अशा वेळी औषध दिलं तर तेवढ्याच डोसात त्रास कमी व्हायला हवा, हा विचार काही नवा नाही. भारतातही तो फार लवकर पोचला होता. १९७०च्या दशकात चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. गुप्ता आणि डॉ. डेका यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये गाठीचं तापमान दिवसभर मोजून, त्याच्या चढ-उतारावरून किरणोपचाराची वेळ ठरवून पाहिली होती.

सगळ्यात चिकाटीने हा धागा धरला तो फ्रान्समधल्या डॉ. फ्रान्सिस लेव्ही यांनी. आतड्याचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना त्यांनी वेळ लावता येणाऱ्या पंपातून औषधं दिली. फाइव्ह-एफयू पहाटे चारच्या सुमारास सर्वाधिक, ऑक्झालिप्लॅटिन दुपारी चारच्या सुमारास सर्वाधिक. १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १८६ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. सरळ एकसारखी धार लावलेल्यांपैकी ७६ टक्के रुग्णांना तोंडाचा तीव्र त्रास झाला होता, वेळ साधून औषध दिलेल्यांत १४ टक्क्यांना. गाठ आकसण्याचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं. केमोने तोंड आलेला माणूस ज्याने जवळून पाहिला आहे, ज्याला थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं, त्याला ७६ आणि १४ या आकड्यांमधलं अंतर समजावून सांगायला नको.

मग हे सगळीकडे सुरू का झालं नाही? कारण २००६ मध्ये ५६४ रुग्णांच्या मोठ्या युरोपीय चाचणीचे निकाल आले आणि त्यांत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. आकडे वेगळे काढून पाहिल्यावर कळलं की पुरुषांना फायदा झाला होता आणि स्त्रियांचं उलट नुकसान. जी वेळ पुरुषांना मानवली, तीच स्त्रियांना मानवली नाही. पुष्कळांनी या निकालावरून विषय मिटवला. मला तो निकाल वाचून उलट वाटलं. सगळ्यांना एकच वेळ लावली हीच तर अडचण होती. आमच्याकडची बाई पहाटे पाचला उठून पाणी भरते, चूल पेटवते, गोठ्यात जाते. घरातला नोकरीवरून निवृत्त झालेला माणूस साडेसातला उठून अंगणात बसतो. या दोघांची घड्याळं भिंतीवरच्या एकाच घड्याळाने कशी मोजणार?

शेकाच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, बाबतीत आपल्याच देशातलं काम फार बोलकं आहे. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठात दोन चाचण्या झाल्या. पहिलीत डोक्या-मानेच्या कर्करोगाचे २१२ रुग्ण होते. निम्म्यांना सकाळी ८ ते ११ मध्ये शेक, निम्म्यांना दुपारी ३ ते ६ मध्ये. तोंड सोलून निघण्याचा गंभीर त्रास दुपारनंतर शेक घेणाऱ्यांना जास्त झाला. ही चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी दुसरी आली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या २२९ स्त्रियांवरची. तिथे सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ८ अशा वेळा होत्या. आतड्याचा त्रास, म्हणजे जुलाब, सकाळी शेक घेणाऱ्या स्त्रियांना जास्त झाला. म्हणजे तोंडाला सकाळ बरी आणि आतड्याला संध्याकाळ बरी. एकाच माणसाच्या शरीरात दोन अस्तरांच्या दोन वेळा.

कोकणातल्या बायकांसाठी या दोन्ही चाचण्या घरच्या आहेत. आमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावायची सवय अजून गेलेली नाही. भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन दातांना घासत, पाणी तापेपर्यंत बसून राहायचं. कितीजणींचा दिवस त्याशिवाय सुरूच होत नाही. मग पन्नाशी-साठीत गालाच्या आत पांढरा चट्टा, न भरणारी जखम, आणि शेकासाठी सहा-सात आठवड्यांची फेरी. अशा एका आजींना मी विचारलं होतं, शेकाची वेळ कुठली मिळाली? म्हणाल्या, "बाय, जी मिळाली ती घेतली. नंबर लागला हेच खूप." त्यांचं म्हणणं मला पटतं. मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतं, रांगेतल्या प्रत्येकाला सकाळ देता येणार नाही. पण रांगेत तोंडाचे रुग्णही आहेत आणि ओटीपोटाचे रुग्णही आहेत. नंबर लावताना तोंडाचे आधी आणि ओटीपोटाचे नंतर असे घेतले, तर एका रुपयाचाही खर्च वाढत नाही. एवढ्या दोनच चाचण्यांवरून नियम करू नये, हे मी मानते. तरी आपल्या मोठ्या केंद्रांतून हीच गोष्ट पुन्हा तपासली जावी, असं मला मनापासून वाटतं. तपासायला नवं मशीन लागत नाही.

दिवसाच्या घड्याळाच्या पलीकडे महिन्याचं घड्याळ आहे, आणि त्याचा शोध घेणारं मोठं काम महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी केलं आहे. डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी, पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. पाळी येऊन तीन ते बारा दिवस झालेले असताना ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या, इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. १९९१ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे इतर देशांत मुद्दाम आखून केलेल्या अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही. पण बडवे तिथेच थांबले नाहीत. मासिक चक्राच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं, मग शस्त्रक्रियेआधी तेच बाहेरून दिलं तर? परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९९७ पासून सुमारे हजार स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन. २०११ मध्ये निकाल आले. सगळ्या स्त्रियांचा मिळून ठाम फायदा दिसला नाही, मात्र काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्यांमध्ये इंजेक्शन घेतलेल्या जास्त संख्येने टिकल्या. गावातल्या औषधाच्या दुकानात मिळण्यासारखं साधं औषध, आणि त्यामागे एवढा विचार. बडवे पुढे टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झाले. मला त्यांच्या या कामाचा आदर वाटतो तो यासाठी, की जुन्या फायलींतल्या तारखा त्यांनी रुग्णाच्या शरीराच्या तारखांशी लावून पाहिल्या.

तशाच नोंदी आमच्या फायलींत पडून आहेत. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकरवी होणाऱ्या उपचाराचं, उदाहरण घ्या. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या, म्हणजे मेलॅनोमाच्या, रुग्णांच्या जुन्या नोंदी काढल्या. ज्यांची पाचातली निदान एक सलाईन दुपारी साडेचारनंतर लागली होती, ते इतरांपेक्षा कमी जगले होते. नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षात नेहमी शंकेला जागा असते. लांबून येणारा, जास्त थकलेला रुग्णच उशिरा येत असेल, तर दोष वेळेचा कसा म्हणायचा? म्हणून चीनमधल्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २१० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. एका गटाला पहिले चार डोस दुपारी तीनच्या आधी, दुसऱ्याला तीननंतर. औषध तेच, डोस तोच. २०२५ मध्ये शिकागोच्या परिषदेत निकाल मांडले गेले, तेव्हा आजार रोखून धरण्याचा काळ आधीच्या गटात जवळपास दुप्पट निघाला. हे एकाच केंद्रातलं काम आहे, आणखी ठिकाणी तसंच दिसायला हवं. तरी ते वाचलं त्या दिवशी मला पावणेबारा आणि साडेचारच्या सगळ्या खुर्च्या आठवल्या.

इम्युनोथेरपी आमच्या लोकांच्या खिशाबाहेरची, असं पूर्वी मी म्हणत असे. आता तसं सरसकट म्हणता येत नाही. टाटा हॉस्पिटलमध्येच डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या केमोबरोबर देऊन पाहिलं. वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे औषध मिश्रीने तोंड गमावलेल्या आमच्या आजींपर्यंत पोचू शकतं. मग ते सकाळी द्यावं की संध्याकाळी, हा प्रश्नही आमचा होतो. कुठल्याही वॉर्डाच्या नर्सिंग चार्टमध्ये प्रत्येक सलाईनची वेळ मिनिटासकट लिहिलेली असते. ते चार्ट कुणीतरी वाचायला घ्यावेत.

हे मोठ्या केंद्रांचं झालं. देवरूखात बसून मी काय करू शकते, तर रुग्णाची रात्र सांभाळू शकते. आमच्याकडचे पुष्कळ रुग्ण केमोसाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात. संध्याकाळी जेवून निघायचं, घाटरस्त्याच्या वळणांवर उलट्या आवरायच्या, महामार्गावरचे धक्के खायचे, पहाटे उतरून तोंड धुवायचं आणि थेट रक्त द्यायच्या रांगेत जायचं. पॅक्लिटॅक्सेलआधी कुठे कुठे स्टिरॉइडच्या गोळ्या बारा तास आणि सहा तास आधी घ्यायला सांगतात. त्याचा हिशोब केला तर एक डोस रात्री आणि एक पहाटे, दोन्ही गाडीतच. ती गोळी एरवीही झोप उडवते. अशा रात्रीनंतर लागणारी केमो सकाळी दहाला लागली काय आणि चारला लागली काय, त्या बाईच्या शरीरातल्या घड्याळात तेव्हा किती वाजलेले असतात कोण सांगणार? वेळ साधून उपचार करायचे तर आधी रुग्णाची झोप साधायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

म्हणून मी घरच्यांच्या मागे लागते की एक दिवस आधी दिवसाच्या गाडीने जा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, तिथे जागा मिळते का बघा, रात्र आडवे होऊन काढा. सोपं नाही ते. सोबत जाणाऱ्याची आणखी एका दिवसाची मजुरी बुडते, भातलावणीच्या दिवसांत तर माणूसच मोकळा नसतो. ज्यांचे उपचार डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात होऊ शकतात, त्यांना मी आधी तोच रस्ता दाखवते. जवळचा उपचार म्हणजे रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपलेला रुग्ण. केमोबरोबर घरी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचं वेळापत्रकही मी डॉक्टरांना फोन करून पुन्हा विचारते. दिवसातून दोनदा असं लिहिलेलं असेल, तर दुसरी गोळी रात्रीऐवजी दुपारी जेवणानंतर चालेल का? बहुतेक वेळा चालते. एवढ्यानेच कितीतरी जणांची रात्र परत आली आहे.

ताप मात्र संध्याकाळचा म्हणून कधी सोडायचा नाही. निरोगी माणसाचं अंगही संध्याकाळी अर्धा अंश चढतं, हे खरं. पण केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. थर्मामीटरने १०० पूर्णांक ४ दाखवलं की वेळ कुठलीही असो, दवाखाना गाठायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. हे मी प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवायला सांगते.

दुखण्याच्या औषधाला वेळेचा मान द्यावा लागतो. मॉर्फिनची साधी गोळी चार तास काम करते, म्हणून ती दर चार तासांनी. लोक काय करतात, तर दुखलं की घेतात. मग पहाटे तीनला कळ येते, दिवा लागतो, अख्खं घर उठतं. झोपताना डॉक्टरांच्या सल्ल्याने दुप्पट डोस दिला की मधला डोस टळतो आणि माणूस सकाळपर्यंत झोपतो, ही उपशामक सेवेतली रुळलेली पद्धत आहे. हाडांत आजार उतरलेल्या एका काकांना हे बसवून दिलं. आठवड्याने गेले तर अंगणात उभे राहून कुणाला तरी काजूची झाडं मोजून दाखवत होते.

आणि उजेड. कोकणातली जुनी घरं आतून अंधारी. आजारी माणसाला वारा लागू नये म्हणून माजघरात नाहीतर मागच्या खोलीत ठेवतात, ट्यूबलाइट दिवसभर जळत असते आणि रात्री टीव्ही. त्या शरीराला दिवस कळत नाही आणि रात्रही. मी पहिल्याच भेटीत खाट पडवीत आणायला सांगते. निदान सकाळचे दोन तास तरी. पावसाळ्यात लोक म्हणतात, सिस्टर, ऊन कुठे आहे? ढगाळ आभाळाखालचा उजेडसुद्धा ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू असलेल्या स्त्रियांना रोज सकाळी अर्धा तास प्रखर पांढऱ्या उजेडात बसवून पाहिलं, तेव्हा त्यांचा थकवा इतरांसारखा वाढत गेला नाही आणि दिवस-रात्रीचा क्रमही टिकला. त्यासाठी तिथे खास दिवे लागले. आपल्याला पडवी आहे. दिवसा जागा राहणारा आणि रात्री झोपणारा रुग्ण जास्त टिकतो, हे आतड्याच्या कर्करोगाच्या २०० रुग्णांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र बांधूनही दिसलं आहे. आजार वाढल्यामुळेच क्रम बिघडत असेल, हेही शक्य आहे. पण क्रम सांभाळून नुकसान झालेला रुग्ण मी पाहिलेला नाही.

अर्धवट बातमी मात्र नुकसान करते. झुरिचच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांचं रक्त पहाटे चारला आणि सकाळी दहाला घेऊन तपासलं. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशींपैकी पाऊणहून जास्त पहाटेच्या, झोपेतल्या रक्तात सापडल्या. हे व्हॉट्सअॅपवर कुणीतरी "झोपेत कॅन्सर पसरतो" असं करून टाकलं. आमच्या एका ताईंनी ते वाचून रात्री जागायला सुरुवात केली. मोबाइलवर भजनं लावून पहाटेपर्यंत बसायच्या, आणि घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. मला कळलं तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून समजावलं. ताई, रक्त किती वाजता तपासावं, औषध किती वाजता द्यावं, हे ठरवायला त्या शोधाचा उपयोग होईल. झोप सोडायला कुणीही सांगितलेलं नाही. उलट रात्र उलटीपालटी करणं हेच घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीची नोंद कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून केली, २०१९ मध्ये पुन्हा तपासूनही ती कायम ठेवली. मी स्वतः किती वर्षं रात्रपाळ्या केल्या ते त्यांना ठाऊक होतं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग तुम्ही झोपता ना नीट?"

या प्रश्नाने मला दुसरीकडे बघायला लावलं. घरात रुग्णाची रात्र सांभाळणारी बहुतेक वेळा एकच बाई असते, सून नाहीतर मुलगी. रात्री औषध तिच्या हातून, लघवीला उठवणं तिच्या हातून, पहाटे चूलही तिच्याच हातून. शास्त्रात रुग्णाच्या घड्याळावर पानंच्या पानं आहेत, हिच्या घड्याळाबद्दल कुणी बोलत नाही. आता पहिल्या भेटीत मी रुग्णाच्या झोपण्या-उठण्याच्या वेळांशेजारी तिच्याही वेळा लिहून घेते. संगमेश्वरकडच्या एका घरात वहिनी सासूबाईंपाशी रोज एकट्या जागत होत्या, मुलगा दुसऱ्या खोलीत झोपत होता. त्याला वाईट नव्हतं वाटत असं नाही, बायकांचं काम बायकांनी करायचं एवढंच त्याला माहीत होतं. मी त्याला लघवीचं भांडं कसं लावायचं, कूस कशी बदलायची, औषध कुठल्या डबीतलं द्यायचं ते समोर बसून शिकवलं. सासूबाईंना सुरुवातीला संकोच वाटला, चार दिवसांत तो गेला. आता रात्री नऊपासून दोनपर्यंत वहिनी झोपतात आणि मुलगा बसतो. दोननंतर तो झोपतो. शनिवारी साखरप्याहून नणंद येते, तेव्हा दोघांनाही पूर्ण रात्र मिळते. पुढच्या भेटीत सासूबाईंच्या तपासणीबरोबर वहिनींचं बीपीही मोजायचं आहे, गेल्या वेळी ते वर होतं.